वंशावळीची फुलपाखरं

धुळ्याचं पत्र आलं तेव्हा लीलाधर नाना दाढी करत होते. उजवा गाल झाला होता, डावा राहिला होता, आणि तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

“आली एकदाची जाग तुझ्या गावाला,” पत्र सुनेपुढे धरत ते म्हणाले.

मोहिनीचं माहेर धुळ्याचं. त्यामुळे धुळ्याच्या खानदेश दप्तर मंदिराने नानांच्या अर्जाला अकरा वर्षं उत्तर दिलं नाही, याची जबाबदारी जळगावच्या या घरात तिच्यावर होती. तिचं लग्न होऊन सहाच वर्षं झाली होती. आधीच्या पाच वर्षांचा दोष पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला होता. आणि आता एवढं सोन्यासारखं पत्र आलं, तर त्याचं श्रेय मात्र पोस्टमनला मिळालं. त्याला चहा पाजला गेला.

पत्रात लिहिलं होतं, की असोद्याचे इतिहास-अभ्यासक आणि वंशावळकार श्री. लीलाधर यांची सर्व कागदपत्रं, रोजनिशा आणि टिपणं संस्था कायमची सांभाळायला घेईल. अट एकच. कागदांची यादी संकलकाच्या मूळ अनुक्रमांकांनुसार असावी. तपासणीत अनुक्रमात खंड आढळल्यास प्रस्ताव समितीच्या पुढील बैठकीपुढे ठेवण्यात येईल. मोहिनीच्या नवऱ्याने, ललितने, संस्थेला फोन करून विचारलं की पुढची बैठक कधी? पलीकडून सांगण्यात आलं की मागची करोनाच्या आधी झाली होती. नानांचं वय ब्याऐंशी. हिशेब कोणीच मोठ्याने केला नाही.

“यादी मी करते, नाना,” मोहिनी म्हणाली. “एकही नंबर चुकणार नाही.”

हे ती नुसत्या सेवाभावाने म्हणाली असं नाही. नानांच्या सहा पत्र्याच्या पेट्या घरातल्या एकमेव हवेशीर खोलीत होत्या, आणि त्याच खोलीत तिची चार वर्षांची ऋतिका झोपायची आणि शिंकायची. डॉक्टर म्हणाले होते, धूळ. तेव्हापासून मोहिनी एका वहीत शिंका लिहून ठेवत होती: तारीख, वेळ, संख्या, ओली की कोरडी. ललित तिला हसायचा. नाना हसले नाहीत. त्यांनी वही पाहून फक्त एवढंच सांगितलं, की पानाच्या डाव्या बाजूला समास सोडावा.

पेट्यांमध्ये काय होतं म्हणाल, तर मुख्यतः लग्नपत्रिका. दोन हजार तीनशे अठरा. नाना धरणगावला शिक्षक होते, पण त्यांचा खरा धंदा म्हणजे गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी लिहिणं. त्यासाठी लोक भाटांच्या पोथ्या धुंडाळतात, तलाठ्याकडे खेटे घालतात. नानांचा विश्वास लग्नपत्रिकेवर. खानदेशातली पत्रिका म्हणजे काय सोपा कागद आहे? निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, आपले नम्र, आणि तळाला ‘आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बारा पोरं. चार पिढ्या एका कागदावर हारीने उभ्या. शिवाय कोणाचं नाव गाळलंय हे पाहिलं, की त्या घरातलं भांडण कोणत्या साली सुरू झालं तेही कळतं.

नाना प्रत्येक लग्नाहून आले की त्याच संध्याकाळी पत्रिकेच्या पाठीवर बारीक अक्षरात टिपण लिहायचे. कोण आलं, कोण रुसलं, पंगतीतली बट्टी कच्ची होती का, आणि मुख्य म्हणजे खरी वयं. कारण जुन्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून ही जन्मतारीख ठोकून द्यायचे. एकट्या असोद्यात एक जूनला जन्मलेली तीनशे एकोणीस माणसं नानांच्या नोंदीत होती. एवढी माणसं एका दिवशी जन्मली असती तर गावात सुइणींचा संप झाला असता. म्हणून नाना वय दोनदा लिहायचे: शाळेप्रमाणे आणि सुइणीप्रमाणे.

यादीचं काम सुरू झाल्याची बातमी खालच्या मजल्यावरच्या कमलबाईंना लागायला एक दुपार पुरली.

“मी सांगते तुले,” त्या पायरीवरच बसत म्हणाल्या, “पयले लिंबाचा पाला टाक पेटीत. माह्या सासऱ्यानं जमिनीचे कागद असेच ठेवले व्हते. एक कसर लागली नाई.”

कडुलिंबाचा पाला टाकला. ऋतिका नऊ वेळा शिंकली. मग कमलबाईंनी डांबरगोळ्या सांगितल्या, शिंका सोळा. मग कापूर, एकतीस, त्यातल्या सहा ललितच्या.

“पोरीले नजर लागेल हाये,” असा कमलबाईंनी शेवटी निकाल दिला आणि उरलेला कापूर देवाला लावायला घरी नेला.

मोहिनीने मग बाहेरचा सल्ला घेणं बंद केलं आणि स्वतःच्या शिक्षणावर विसंबायचं ठरवलं. तिने एम.कॉम. केलेलं होतं. कामाची शिस्त लावायची तर ती तिनेच. तिच्या लक्षात आलं की पुष्कळ पत्रिकांच्या दोन-दोन प्रती आहेत, एक वराकडची, एक वधूकडून आलेली. दोन प्रती कशाला? तिने त्यांचे दोन ढीग केले. एक स्वच्छ, कोऱ्या पाठीच्या पत्रिकांचा. दुसरा खरडलेल्या, शाई उतरलेल्या, डागाळलेल्या प्रतींचा. स्वच्छ प्रतींवर तिने गोल चिकटपट्ट्या लावून लाल शाईने तेच क्रमांक सुरेख अक्षरात घातले आणि त्या पेटीत ठेवल्या. धुळ्याच्या लोकांपुढे काही घाणेरडं जायला नको, त्यात तिच्या माहेरच्या लोकांपुढे! खरडलेल्या एकशे ऐंशी पत्रिका तिने पिशवीत भरल्या.

आणि इथे ऋतिकाच्या शाळेने तोंड घातलं.

स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. पुनम मॅडमनी आयांच्या ग्रुपवर टाकलं: ‘टाकाऊतून टिकाऊ. थीम फुलपाखरू. प्रत्येक मम्मीने पंचवीस नग.’ पाच मिनिटांत एका आईने लिहिलं, आमची पन्नास. दुसरीने पंचाहत्तर आणि एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याने मोहिनीची रात्रीची झोप उडाली. आपल्या मुलीचं कसं होणार? उद्या हिला शेवटच्या रांगेत उभं केलं तर? मोहिनीने लिहिलं, एकशे ऐंशी. हसरा चेहरा टाकला नाही. गरज नव्हती.

कात्री ती घरात ठेवतच नसे; लहान मूल आहे. म्हणून तिने एकही पत्रिका कापली नाही, पंख्यासारख्या घड्या घालून मधे दोरा बांधला, वर झाडूच्या काड्यांच्या मिशा चिकटवल्या. गुलाबी, पिवळी, सोनेरी गणपती छापलेली अशी फुलपाखरं झाली, की पुनम मॅडमनी ती शाळेच्या मुख्य मांडवात लावायला घेतली आणि ग्रुपवर तिचं नाव लिहून तीन टाळ्या टाकल्या. मोहिनीने तो मेसेज माहेरी पाठवला.

संमेलन शनिवारी दुपारी. तपासनीस धुळ्याहून सोमवारी येणार. शनिवारी सकाळी नाना यादी पडताळायला चष्मा पुसून बसले.

सहाशे अकरा नंबरची पत्रिका त्यांनी हातात घेतली, पालटली आणि पुन्हा पालटली. मग सहाशे बारा. मग सहाशे तेरा.

“मोहिनी, हिची पाठ कुठंय?”

“कोणाची?”

“पत्रिकेची.”

“आहे ना नाना. कोरी आहे. मी मुद्दाम स्वच्छ-स्वच्छ...” आणि वाक्याच्या मध्येच मोहिनीच्या लक्षात आलं. माणूस जन्मभर ज्या कागदांच्या पाठीवर लिहीत आला, त्यांची नुसती तोंडं तिने पेटीत घातली होती. नंबर पाठीवर होते. टिपणं पाठीवर होती. पाठी शाळेच्या मांडवात वाऱ्यावर उडत होत्या.

“त्या वेगळ्या ठेवल्यात, नाना,” ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. “आणते.”

ती चपला उलट्यासुलट्या घालून शाळेत पोचली, तेव्हा पुनम मॅडम गजरा माळत होत्या.

“आता काढायची? अहो मॅडम, पाहुण्यांसाठी फोटो काढून झाले. डेकोरेशन लॉक झालं. ऑफिसात अर्ज द्या हवं तर.”

ऑफिसातल्या क्लार्कने तिला कागद दिला. “कारण लिहा.”

मोहिनीने पेनचं टोक चावलं आणि लिहिलं: ‘फुलपाखरे चुकून ऐतिहासिक आहेत.’

क्लार्कने ते दोनदा वाचलं. “ऐतिहासिकचा रकाना नाही आपल्याकडे. ‘इतर’मध्ये घेतो. प्रिन्सिपल मॅडम सोमवारी दुपारी सही करतील.”

“सोमवारी सकाळी धुळ्याचे साहेब येताहेत!”

“शिक्षण खात्याचे?”

“नाही.”

“मग काय घाबरायचं!” असं म्हणून क्लार्कने अर्जावर आवक क्रमांक घातला. त्याच्या अनुक्रमात मात्र खंड नव्हता.

मग तिने शेवटचा उपाय म्हणून मांडवातली शिडी धरली. दुसऱ्या पायरीवर असताना शिपायाने सर्वांदेखत सांगितलं, की पालकांनी शिडीवर चढायचं नसतं, पडलं-बिडलं तर कोण बघणार. पोर सांभाळणाऱ्या बाईला हे ऐकावं लागावं! ती उतरली, पदर सारखा केला, आणि जणू शिडी तपासायलाच आली होती अशा चेहऱ्याने घरी गेली.

आता एकच करता येण्यासारखं होतं. नानांना संमेलनाला येऊ द्यायचं नाही.

“नाना, तिथे फार आवाज असतो.”

“मला कमी ऐकू येतं.”

“खुर्च्या प्लास्टिकच्या असतात.”

“नात नाचणारेय माझी,” नाना म्हणाले आणि डोक्यावर टोपी घातली.

मांडवात शिरताच मोहिनीला दिसलं की काहीतरी बिघडलंय. स्टेजवर कार्यक्रम सुरू झाला होता आणि अर्धे प्रेक्षक स्टेजकडे पाठ करून उभे होते. माना वर. चष्मे कपाळावर. आजोबा मंडळी तर रांग लावून फुलपाखरं वाचत होती. कोणी दोन बोटांनी घडी उलगडत होतं, कोणी मोबाइलचा टॉर्च धरत होतं.

“ऐका ऐका! ‘वराचे वय शाळेप्रमाणे बावीस, सुइणीप्रमाणे सत्तावीस.’ अहो, हे तर तुमचं लग्न!”

“सत्तावीस?” एक बाई नवऱ्याकडे वळून म्हणाली. “म्हणजे साठीचा केक आपण पासष्टीला कापला?”

“‘बट्टी कच्ची. वरणात मीठ दोनदा पडले. व्याही म्हणाले, एकदाच पडले आहे, पण मनापासून.’ कोणाकडचं रे हे?”

“माह्या मामाचं! खरं हाये, खरं हाये!”

खांबापाशी असोद्याचे कौतिक आबा उभे होते. त्यांची नात ऋतिकाच्याच वर्गात. आबांनी एक गुलाबी फुलपाखरू मिशीला धरून खाली ओढलं होतं आणि ते अक्षर अक्षर लावत होते. “‘कौतिकराव पंगतीतून उठून गेले. कारण, मानाची टोपी लहान पडली.’” ते थांबले. मग सगळा मांडव दणाणला. “लहान नव्हती! मले टोपीच नव्हती देल्ली! कोन लिवलं हे?”

“मी,” मोहिनीच्या शेजारून नाना म्हणाले.

मोहिनीला वाटलं, या क्षणी ऋतिकाला कडेवर घ्यावं आणि मिळेल त्या गाडीने माहेरी जावं. नाना पुढे गेले. त्यांनी मान वर करून पाहिलं. एकशे ऐंशी पाठी वाऱ्यावर हलत होत्या. त्यांनी पहिली वाचली, दुसरी वाचली. मग वाचणाऱ्यांकडे पाहिलं, आणि वाचणाऱ्यांकडेच जास्त वेळ पाहत राहिले.

“लीलाधर, साफ खोटं हाये हे!” कौतिक आबा बोट नाचवत आले.

“अकरा मे एक्क्याऐंशी. मी समोरच्या पंगतीत होतो.”

“अरे, टोपी तुह्या मावसभावाले देल्ली माह्या नावची! म्हनून उठलो मी!”

नानांनी क्षणभर विचार केला. मग हात मागे केला. “मोहिनी, पेन. आबा, इथे खाली लिही. स्वतःच्या हाताने. सही कर, आजची तारीख घाल.”

त्यानंतर जे झालं त्याला मोहिनी अजून नाव देऊ शकलेली नाही. लोकांनीच खुर्च्यांवर चढून आपापली फुलपाखरं काढली. शिपाई शिट्टी फुंकत होता. त्याला कोणीतरी त्याच्याच सासुरवाडीचं फुलपाखरू दिलं, तसा तो वाचत बसला. “आमचं पण दुरुस्त करा”, “माझ्या आईचं वय बरोबर लिहिलंय, तिला सांगू नका”, “आमचं का नाही यात, आम्ही काय लग्नं केली नाहीत?” स्टेजवर ऋतिका पिवळे पंख लावून नाचली. तिच्याकडे बघणारी मांडवात एकटी मोहिनी, पण तिने टाळ्या दहाजणींच्या वाजवल्या. नाचताना ऋतिका एकदा शिंकलीसुद्धा. मोहिनी ती लिहायची विसरली.

रिक्षात तिने कबुली दिली. “नाना, चूक माझी झाली.”

“झालीच,” नाना म्हणाले. थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, “एकशे ऐंशीपैकी एकशे चाळीस तरी वाचली गेली. मी मोजलं. पन्नास वर्षांत ललितनेसुद्धा एक वाचलं नव्हतं.”

रविवारी सकाळपासून घराची बेल थांबली नाही. फुलपाखरं एकेक करून परत येत होती. सोबत दुरुस्त्या, पुरवण्या आणि निषेध. कौतिक आबांनी टोपीबद्दल दोन पानी निवेदन टाचणीने लावलं होतं. कमलबाईंनी सगळ्यांना जिन्यातच अडवून आधी स्वतः वाचून घेतलं आणि मगच वर सोडलं. मोहिनीने मिशा उपटल्या, दोरे सोडले, घड्यांवरून कोमट इस्त्री फिरवली. संध्याकाळी सहाला नंबर लावून झाले. एक ते दोन हजार तीनशे अठरा. खंड नाही.

सोमवारी दप्तर मंदिराची जीप आली. तपासनीस चाळिशीचे, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. नानांनी दारातच विचारलं, “कोणत्या गावचे? कोणाचे?”

“शिंदखेडा. जितेंद्र बोरसे,” ते म्हणाले आणि गप्पांना वाव न देता तपासायला बसले. चहा नको. पाणीही नको. कागदावर थेंब पडतो.

तास झाला, दोन तास झाले. मोहिनी दाराआड उभी राहून त्यांच्या भुवया वाचत होती.

“या घड्या कसल्या?”

“साठवणुकीच्या,” मोहिनी म्हणाली.

“आणि हे खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत?”

“साक्षी आहेत,” नाना म्हणाले. “सह्यांसकट.”

साहेबांनी ‘हं’ केलं. ‘हं’ला आशा म्हणावं की भीती, हे तिला ठरवता येईना. पुढची पत्रिका. पुढची. मग सहाशे चाळीसवर ते थांबले. पाठ वाचली. तोंड वाचलं. पुन्हा पाठ वाचली. कान तांबडे झाले.

“ही एक...” ते हळूच म्हणाले, “ही एक बाजूला ठेवली तर?”

“खंड पडेल, साहेब,” मोहिनी म्हणाली. शाळेच्या ऑफिसात, शिडीवर, आणि सहा वर्षं धुळ्याच्या नावाने जे जे ऐकून घेतलं होतं, ते सगळं त्या तीन शब्दांत होतं. “समितीपुढे जाईल.”

नानांनी वाकून पाहिलं. “प्रेमराज बोरसे, शिंदखेडा. वधू धरणगावची झुंबर, माझ्या हेडमास्तरांची पुतणी. मी होतो त्या लग्नात.”

“माझे आईवडील,” साहेब म्हणाले. “पण हे चुकीचं आहे. बाबा तर सांगतात, त्यांनीच आईला पसंत केलं, घोड्यावर ताठ बसून आले...”

“वधू हयात आहे?”

“आहे.”

“मग विचारा की. आणि जरा स्पीकरवर टाका, मला कमी ऐकू येतं.”

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला, फोन लावला आणि घरच्या अहिराणीत विचारलं. “आई, एक विचारू का? बाबा लगीनमा पयी गयथात का?”

“कोनी सांगं तुले?” पलीकडून आवाज आला.

“आठे लिखेल शे.”

“काय लिखेल शे? वाच.”

साहेबांनी दोनदा घसा साफ केला. “‘नवरदेव हळदीच्या अंगानेच जानवशातून पसार. अर्ध्या तासाने एसटी स्टँडवर अमळनेर गाडीत सापडला. पिवळा असल्याने शोधण्यास त्रास पडला नाही.’”

फोनमधून असं हसू आलं, की ऋतिका आतल्या खोलीतून धावत आली. “बठ्ठं खरं शे! चव्वेचाळीस वरीस व्हयनात, मी सांगस ते कोनलेच खरं वाटत नही! रे भाऊ, तो कागद जपीसन ठेव. घर आनू नको. तुना बाप फाडी टाकी.”

साहेबांनी थोडा वेळ पत्रिकेकडे पाहिलं. मग खिशातलं मधलं पेन काढलं आणि यादीत सहाशे चाळीसपुढे बरोबरची खूण केली. “कागद घरी सुरक्षित नसतात, हे मात्र खरं,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि पहिल्यांदाच पाण्याचा पेला उचलला.

नाना मात्र फोनकडे सरकले होते. “ताई, एक मिनिट. मी धरणगावचा मास्तर. अमळनेरची गाडी मी ऐकून लिहिली होती, पाहिली नव्हती. अमळनेरचीच ना?”

“हां गुरुजी, अमळनेरनीच.”

आणि तिच्या मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र खाली आपटल्याचा आवाज आला, आणि एक भरदार पुरुषी आवाज न राहवून गरजला:

“चोपडानी व्हती! अमळनेरनी निंघी गयथी!”